त्याच्यासाठी लोक रडले म्हणे

चिखली, शनिवार, दिवेलागण

जिनिंग कारखान्यात कापूस पारखायला आलेला इटालियन साहेब आज मैदानावर आला. मोडक्या हिंदीत सांगत होता, की तिकडे इटलीत तो आठ वर्षं फुटबॉल खेळला. माझ्यासारखाच उजव्या कडेनं धावणारा, राइट-आउट. एकदा समोरचा गडी त्याच्याआधी बॉलपाशी पोहोचला, त्याच दिवशी यानं बूट कायमचे काढून ठेवले. लोक रडले म्हणे.

रडले? या टकल्यासाठी? मी कशाला जळतोय पण?

माझ्याआधी तर चार वर्षांपासून सगळेच बॉलपाशी पोहोचतात. तरी मी खेळतो. माझी जागा कोणी मागत नाही. हा मानच ना?

परतताना आमचा कप्तान गणपत सोबत होता. सहज विचारलं, "गणप्या, मी खेळणं सोडलं तं लोकाईले वाईट वाटन का बे?"

तो थबकलाच. "असं काऊन बोलून राह्यला? वाटन नाही तं काय! तू गेला तं बॉल कोणाचा आणाचा?"

बॉल माझा आहे, खरं. नागपूरहून मीच आणलेला.

साहेबाचा स्वतःचा बॉल नसणार. म्हणजे लोक खरंच त्याच्यासाठी रडले.