कलमाचा मोहोर

अलोरे, १२ डिसेंबर १९८४

प्रिय भास्कर,

अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण ते या खेपेला राहू दे. तुझ्या कुसुमला घेऊन मी चिंतामणीमामाकडे आले ती हवापालटासाठी, असं तू गावात सांगतोयस म्हणे. सांग बापडा. इथे कॉलनीत ती मामाच्या नातवंडांत खेळते, आणि झोपताना अजून आईला हाक मारते.

यंदा मोहोर लवकर आलाय असं कळलं. वरच्या कातळावरची कलमं आता तीन वर्षांची झाली. त्यांचा मोहोर तू नेहमीप्रमाणे स्वतःच्या हातानं खुडला असशील. एवढ्यात फळ धरलं तर कलमच मरतं, कलम जगलं तर आंबे पुढे मिळतात, हे तुला तुझ्या वडिलांनी शिकवलं. त्यासाठी देवीला विचारायला तू कधी गेला नाहीस.

कुसुमच्या आईच्या, उमाच्या वेळी मात्र गेलास. चौथा महिना होता. तिच्या हृदयाला हे बाळंतपण झेपणार नाही, आत्ताच गर्भ काढला नाही तर दोघंही जातील, असं डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं. तू गुरवाकरवी देवीला पाकळ्या लावून कौल घेतलास. डावी पाकळी पडली, म्हणजे नकार. मी हातापाया पडले, तरी तू सही करीनास. उमाला तर कुणी विचारलंच नाही. ती मला एवढंच म्हणाली, "आई, मला जगायचंय हो. कुसुमच्या वेण्या घालायच्यायत." सातव्या महिन्यात ती गेली, पोटातलं तिच्याबरोबर गेलं. पाप टळलं म्हणत होतास. मला तर दोन दिसतात.

तेराव्याला मी रडले नाही, ते तुला खटकलं होतं. मी तेव्हापासून वाट बघत होते.

आता तू लिहितोस, दुसऱ्या लग्नाला देवीनं उजवा कौल दिला, चिपळूणची राही नावाची मुलगी आहे, आई म्हणून तू उभी राहा. काल चिपळूणला जाऊन आले. राहीच्या आईवडिलांना पाकळीपासून सरणापर्यंत सगळं सांगितलं. नवऱ्यामुलाच्या आईचं बोलणं कोण खोटं मानील? साखरपुड्याचा नारळ ते परत पाठवताहेत. दुसरीकडे जमवलंस तर तिथेही येईन, एसटी सगळीकडे जाते. देवीनं तुला उजवा दिला असेल, भास्कर. मी डावा दिलाय.

तुझीच,
आई