खुर्चीमागची जागा

आप्पा, मी अजून फोटोच जोडते. बेळगावातली ती लॅब आता मोठ्या जागेत गेली आहे, वर दोन मजले आहेत, आणि मी खालच्या मजल्यावर खिडकीपाशी बसते. कुणाला मंगल कार्यालयाचा सगळा हॉल एका फोटोत हवा असतो, कुणाला कॉलेजची इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणाला नुसती प्लॉटची मोकळी जमीन. पाच-सहा फोटो येतात, प्रत्येकाची कड शेजारच्या फोटोवर थोडी चढलेली. कॉम्प्युटर ते क्षणात एकमेकांना चिकटवतो. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, मग तुला पगार कशाचा देतात? तर ह्याचा, की एका फोटोत ऊन असतं आणि पुढच्यात ढग आलेला असतो, सरळ भिंत मधेच वाकते, कुणी चालत असला तर त्याचा एक पाय इकडं आणि धड तिकडं राहतं. ते सगळं मला सारखं करावं लागतं. बघणाऱ्याला एकच फोटो वाटला पाहिजे. माझा हात त्यात चांगला बसलाय असं सगळे म्हणतात. कुठं शिकलात म्हणून विचारतात. मी सांगते, निपाणीत, वडिलांच्या स्टुडिओत.

ती मागची अंधारी खोली मला अजून वासासकट आठवते. शाळेचे, बँकेच्या स्टाफचे, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचे लांबलचक ग्रुप फोटो तुम्ही तीन तुकड्यांत काढत होतात, कारण तेवढं सगळं एका वेळी धरणारा कॅमेरा आपल्याकडं नव्हता. प्रिंटा वाळल्या की तुम्ही कट्ट्यावर मांडी घालून बसायचात. ब्लेडनं कड कापायची, ती उलटी करून पॉलिश पेपरनं मागून घासायची, घासून घासून कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ करायची, मग दुसऱ्या फोटोवर बसवायची आणि उरलेली रेघ बारीक ब्रशनं भरायची. त्या जोडलेल्या फोटोचा परत एक फोटो काढला की झालं. मी नववीत असताना तुम्ही पहिल्यांदा ब्लेड माझ्या हातात दिलंत. मी सरळ वरून खाली कापलं आणि एका बाईंच्या पदरातनं, दंडातनं ब्लेड गेलं. तुम्ही ओरडला नाहीत. ती प्रिंट माझ्यासमोर धरलीत आणि म्हणालात, "जोड झाडातनं जाऊ दे, खांबातनं जाऊ दे, दोघांच्या मधल्या फटीतनं जाऊ दे. माणसातनं न्हाय जाऊ द्यायचा." मग सगळी प्रिंट नव्यानं काढलीत. दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत, आणि तेवढं मला पुरलं.

स्टुडिओ दादाकडं जाणार हे ठरलेलंच होतं, आणि तो थोरला म्हणून मलाही त्यात वावगं वाटत नव्हतं. तुमचं त्याच्याशी जे बिनसलं ते मी सांगायची गरज नाही, पण लिहिते. तुम्ही दोन दिवस लग्नाच्या कामाला चिकोडीला गेला होतात. परत आलात तर मागची खोली मोडलेली, तिथं झेरॉक्सचं मशीन उभं आणि फिल्मवरनं मोठा फोटो काढायचा तुमचा एन्लार्जर भंगारवाल्यानं नेलेला. आता फिल्म कोण धुतंय आप्पा, असं दादा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. पण त्यानं विचारलं नव्हतं. तुम्ही गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, "मी जित्ता असताना माझी खोली मोडलीस. आता माझ्या म्होरं येऊ नगंस." तो आला नाही. हुबळीला गेला, तिथंच काम बघितलं, तिथलीच बायको केली. स्टुडिओ पुढं वर्षभरात बंदच झाला. आठ वर्षं तुम्ही दोघं एकमेकांचं नाव न घेता राहिलात.

ती आठ वर्षं माझी होती, आप्पा. मला हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मनात हेच होतं. तुमच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, कडेनं दिसायचं बंद होत गेलं, नळीतनं बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं. दर महिन्याला मी निपाणीला येऊन तुम्हाला बसनं बेळगावला डोळ्याच्या डॉक्टरांकडं न्यायची, तिथंच अनगोळच्या माझ्या घरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत सोडायला. ड्रॉप कुठला कधी घालायचा ते मी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवलं होतं. मधल्या शनिवारीही यायची. आई दार उघडून आधी माझ्या मागं बघायची, आणखी कुणी आलंय का म्हणून. ती मुद्दाम करत नव्हती.

तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तुम्ही एकच मागणं मागितलंत. घरच्या सगळ्यांचा एक लांब फोटो, पूर्वीसारखा, आणि तो मी काढायचा. घरासमोरच्या मोकळ्या जागेत चाळीस माणसं उभी केली, मधे तुम्ही दोघं खुर्च्यांवर. मी स्टँडवर कॅमेरा लावून डावीकडून उजवीकडं पाच फोटो घेतले. बघते तर मधल्या फोटोत तुमच्या पायाशी बसलेल्या, मावसबहिणीच्या मुलानं, माझ्या छोट्या भाच्यानं, तोंड फिरवलेलं. म्हणून सगळ्यांना तसंच थांबवून तो मधला फोटो तेवढा परत घेतला. त्या मधल्या दोन मिनिटांत दादा फाटकातनं आत आला. आईनं त्याला गुपचूप फोन केला होता, हे मला नंतर कळलं. तिनं खुर्चीतनंच हातानं खुणावलं आणि तो मागच्या बाजूनं येऊन तुमच्या खुर्चीमागं उभा राहिला. मी कॅमेऱ्यामागं होते, भाच्याला हसवत होते. बटण दाबलं आणि मगच मला तो दिसला.

फोटो झाल्यावर तो थोडा वेळ फाटकापाशी घुटमळला आणि न जेवता गेला. मी स्वयंपाकघरात गव्हाच्या खिरीचं, हुग्गीचं पातेलं उतरवत होते. आई आत्याला सांगत होती, डोळे पुसत, "आज माझं घर भरलं बघा." मी तिथंच होते, तिच्यापासून चार हातांवर. आठ वर्षं मी त्या घरात येत होते, आणि घर आज भरलं होतं, दहा मिनिटांसाठी.

चार दिवसांनी दुपारी मी लॅबमध्ये ते फोटो जोडायला घेतले. मधल्या जागेसाठी दोन फोटो होते. दुसरा चांगला होता, भाचा समोर बघत होता. फक्त तुमचा चेहरा त्यात जरा वर झाला होता आणि ओठ उघडे होते, म्हणजे तुम्ही हललात असं मी मनाला सांगितलं. मी पहिला घेतला, ज्यात खुर्चीमागं कुणी नव्हतं. भाच्याचा चेहरा दुसऱ्यातनं काढून पहिल्यावर बसवला, गालाची सावली जुळवली, गळ्यापाशी दोन्ही कडा विरघळवल्या. दीड तास लागला. चुकून झालं असतं तर दीड तास लागला नसता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम ते असेल.

फ्रेम करून आणला तेव्हा तुम्ही तो पलंगावर आडवा ठेवायला लावलात आणि भिंग घेऊन डाव्या टोकापासून सुरुवात केलीत. एकेक चेहरा बघत, नाव घेत, वाकून सरकत होतात. मधे आलात, स्वतःवरनं, आईवरनं गेलात, परत मागं आलात आणि बराच वेळ तिथं थांबलात. मग शेवटच्या टोकापर्यंत गेलात. आई बाहेर होती. तुम्ही भिंग न काढता विचारलंत, "थोरला न्हाय गं ह्यात?"

मी म्हणाले, "त्यो उभाच राह्यला न्हाय, आप्पा. आला आणि गेला."

तुम्ही सरळ झालात. भिंग पुसून डबीत ठेवलंत. मला वाटलं आता काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "जोड झ्याक झालाय. मला बी सापडंना." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात, जो तुम्ही कधी ठेवत नव्हतात. आईनं आत येऊन फोटो बघितला तेव्हा तिच्या तोंडावर प्रश्न आलेला मी पाहिला. तिनं काही म्हणायच्या आत तुम्हीच म्हणालात, असू दे, लेकीनं लई कष्टानं केलाय. फोटो भिंतीवर लागला.

तीन महिन्यांनी तुम्ही गेलात. दादा आला, सगळं त्यानंच केलं. बाराव्या दिवशी माणसं जेवत असताना तो त्या फोटोसमोर उभा असलेला मला दिसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते. त्यानं फोटोतल्या तुमच्या खुर्चीमागं, घराच्या भिंतीच्या रिकाम्या पट्टीवर बोट टेकवलं होतं. त्यानं मला विचारलं, "आप्पांनी काढाय लावलं न्हवं मला?" मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. "जाऊ दे की रं," एवढंच म्हणाले आणि पंगतीत पाणी वाढायला गेले. त्यानं हो असंच धरलं. त्यानंतर तो आईला भेटायला यायचा तो बाहेरच्या कट्ट्यावर बसायचा. आई गेली तेव्हाही तो आतल्या खोलीत आला नाही.

यंदा लॅबमधल्या जुन्या डिस्क रिकाम्या करायच्या होत्या. तुमचे पाचच्या जागी सहा फोटो अजून तिथं होते. मी दुसरा मधला फोटो उघडला आणि सकाळपासून दुपारपर्यंत दुसरं काही केलं नाही. मग सगळं पुन्हा जोडलं. ह्यावेळी काहीच काढायचं किंवा चिकटवायचं नव्हतं, म्हणून लवकर झालं. प्रिंट गुंडाळून रविवारी हुबळीची बस धरली. दार दादाच्या धाकट्या मुलीनं उघडलं. तिनं मला ओळखलं नाही. कानडीत विचारलं, "यार बेकु?" कोण पाहिजे. मी म्हणाले, तुझे पप्पा.

दोन्ही मुलींनी दोन टोकं धरून प्रिंट जमिनीवर पसरली. दादा गुडघ्यावर बसला. त्याचे केस आता तुमच्यासारखे कपाळावरून मागं गेलेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दीड तासासकट, आणि तुम्ही मला विचारलंत तेही. त्यानं मुलींना आत पाठवलं. मला वाटलं आता तो मला बोलेल. तो फोटोकडंच बघत होता. मग म्हणाला, "मी खांद्यावर हात ठिवला तवा आप्पा वळलं न्हाईत. नुसती मान वर केली आणि म्हणालं, आलास व्हय रं? ऱ्हा हितंच."

मी खाली बसले. तो म्हणाला, "फोटोपुरतं ऱ्हा म्हणालं का कायमचं, ते मला त्या दिशी कळलं न्हाय. इचारायचं धाडस झालं न्हाय, म्हणून निघून आलो. बाराव्याला फोटो बघितला आणि म्हणलं, फोटोपुरतं सुदीक न्हवतं."

वहिनीनं चहा आणला, तो त्यानं मला बशीत ओतून दिला, लहानपणी द्यायचा तसा. बसस्टँडपर्यंत सोडायला आला. बस सुटताना त्यानं हात केला की नाही ते मी बघितलं नाही, कारण नसता केला तर मला कळलेलं नको होतं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आप्पा. तुमच्या खांद्यावर त्याचा हात होता, तुम्ही त्याच्याशी बोलला होतात, आणि तरी तुम्ही मला विचारलंत, थोरला न्हाय गं ह्यात. आयुष्यभर जोड शोधलेल्या माणसाला तो जोड सापडला नसेल असं मी आता कसं मानू? तुम्ही मला खरं बोलायला जागा करून दिली होती, आणि मी खोटं बोलल्यावर ते पोटात घालून माझ्या कामाचं कौतुक केलंत. का? डोळ्यांत ड्रॉप घालणारा हात माझा होता म्हणून? की खोलीपायी एक लेकरू गेलं, फोटोपायी दुसरं जाऊ नये म्हणून? मग तुम्ही दादाला एक निरोप का नाही धाडलात? तीन महिने होते. मी रागावते तुमच्यावर, आणि मग आठवतं की फोन लावून देणारीही मीच होते. नंबर तुम्हाला दिसत नव्हता.

हे पत्र मी कुठं पाठवणार. लिहून झालं की पुसून टाकेन, नाहीतर दादाच्या हाती लागेल, आणि त्याला जे सांगितलं नाही ते त्याला कळेल. मी त्याला म्हणाले की तुम्ही विचारल्यावर मी घाबरून खोटं बोलले, आणि नंतर रोज पश्चात्ताप झाला. तसं नव्हतं. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरी जाताना बसमध्ये मी खूश होते. तुम्ही परत एकदा विचारलं असतंत, तरी मी तेच उत्तर दिलं असतं.