बॅटरीला वाकळ

१ डिसेंबर, सोमवार
आज बॅटरीवरची मोटारसायकल दारात आली. जुनी पेट्रोलची गाडी गेली आणि तिच्याबरोबर जुना राधाकिशनही गेला. आजपासून रोजनिशी. तीही शुद्ध मराठीत, कारण गावच्या शेतकरी सोसायटीच्या चेअरमनला गावठी बोलणं शोभत नाही. चेअरमन अजून झालेलो नाही. निवडणूक फेब्रुवारीत आहे. पण पॅनल ठरवतात विठ्ठलराव, आणि यंदा आपल्याला नव्या विचाराचा माणूस पाहिजे असं ते चौसाळ्याच्या बाजारात चारचौघांत बोलले. माझा नवा विचार आता अंगणात स्टँडवर उभा आहे.
सत्यशीलाने गाडीला ओवाळलं, कुंकू लावलं आणि विचारलं, "आन् लाईट गेल्यावर?" आमच्या हिला वेळ-काळ कळत नाही.

३ डिसेंबर
गाडीला अजिबात आवाज नाही. शोरूमवाला म्हणाला, हाच तिचा मोठा गुण. हे शेजारच्या कडूबाईच्या शेळीला कोणी सांगितलं नव्हतं. शेळी ठीक आहे. मी बाभळीत गेलो.
काटे सत्यशीलाने काढले. हसली नाही, पण सुई मुद्दाम हळू चालवत होती. तेवढ्यात कडूबाई ओट्यावर येऊन बोलून गेली, "चोरावानी येतंय की रं तुजं वाहन."

५ डिसेंबर
तोडगा निघाला. चुलतभाऊ अंगदच्या बैलाची घुंगरमाळ आणून हँडलला बांधली. आता लांबून कळतं की कोणीतरी येत आहे. संध्याकाळी घरी आलो तर आई आतूनच ओरडली, "बैल कावून सुटला रे?" म्हणजे उपाय लागू पडला.
अंगदची कुरकुर चालूच. म्हणे, "पोळ्यापासून गळ्यात हाय त्याच्या. सवय लागलीय. चार दिसांत आणून दे." देतो म्हणालो. चार दिवस म्हणजे बोलायची पद्धत असते.

९ डिसेंबर
कडाक्याची थंडी. रात्री बॅटरी भरलेली होती, सकाळी पडद्यावर निम्मी. तरी चौसाळ्याला निघालो. शेवटचा चढ गाडी ढकलत. चढावर भेटलेल्यांना सांगितलं, व्यायाम.
पाशा हा आमच्या भागातला नावाजलेला मिस्त्री. त्याने गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं, वर बघितलं आणि चहा मागवला. म्हणाला, "भाऊ, यात प्लग न्हाई, कार्बोरेटर न्हाई. मी हात घालू तरी कुठं? मोबाईलच्या दुकानात न्या." थंडीचं विचारलं तर म्हणाला, "थंडीत माजं गुडघं चालंना, तुमी बॅटरीचं काय घिऊन बसलाव."
परत येताना यावर विचार केला. गुडघ्याला ऊब दिली की गुडघा चालतो. पाशाला स्वतःला कळलं नाही, पण उत्तर त्यानेच दिलं.

त्याच दिवशी, झोपण्याआधी
बॅटरी गाडीतून काढता येते. पुन्हा भरून घेतली, लेकरासारखी कडेवर घेऊन आत आणली, सत्यशीलाच्या आईने शिवून दिलेल्या वाकळीत गुंडाळली आणि पलंगावर मधोमध ठेवली. सत्यशीला दारात उभी राहिली. म्हणाली, "एकतर ती झोपंल, न्हाईतर मी."
मी विचार करत होतो. तेवढ्यात ती उशी घेऊन आईच्या खोलीत गेली. मोठ्या कामाला घरातून विरोध होतोच.

१० डिसेंबर
सकाळी बॅटरी जवळपास पूर्ण. प्रयोग यशस्वी. मी रात्र पातळ चादरीवर काढली, त्यामुळे खोकला. वाकळ घरात एकच धड आहे.

१५ डिसेंबर
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाणंदीने शेतापर्यंत जाऊन यायचं. माणूस पहाटे उठतो हे लोकांना दिसलं पाहिजे.

१६ डिसेंबर
धुकं. लोकांना दिसलो नसतो. गेलो नाही.

१७ डिसेंबर
धुकं नाही, पण खोकला.

१८ डिसेंबर
गेलो. उसाच्या ट्रॅक्टरांनी पाणंदीचं पीठ करून ठेवलं आहे. घोट्याएवढा फुफाटा. त्यात पुढचं चाक आपल्या मनाने चालतं. पडलो नाही. गाडी पडली, मी तिच्यावर होतो.

२२ डिसेंबर
आजचा दिवस मोठा. विठ्ठलरावांना आमच्या शेतात हुरडा खायचं आमंत्रण दिलं आणि ते हो म्हणाले. ४ जानेवारी. तिथेच माझं नाव पक्कं होणार. त्यांची जीप गावात उभी करायची आणि तिथून पाणंदीने मी त्यांना माझ्या गाडीवर शेतात नेणार.
सत्यशीला म्हणाली, "जीप येती की शेतापर्यंत." तिला मुद्दा कळत नाही. जीपमध्ये विठ्ठलराव पुढे बसतात आणि मी मागे. मोटारसायकलवर मी पुढे.

२८ डिसेंबर
अडचण. हल्ली घरी चार्जर लावला की फ्यूज उडतो आणि आईची मालिका बंद पडते. काल मालिकेत सासू जिन्यावरून पडत होती आणि नेमकी तेव्हाच पडली ती आमची लाईट. आईने बजावलं, "माजी सासू खाली येईस्तवर तुज्या मोटारीला वायर लावायची न्हाई."
चेअरमनकीच्या वाटेत माझी आई, बायको आणि एक सासू, जी माझी पण नाही.

३ जानेवारी, संध्याकाळी
शेतात पंपाजवळ लाईटची पेटी आहे. या आठवड्यात शेतातली लाईट रात्रीची आहे. लाईट आली की बॅटरी आपोआप भरेल, थंडीत कुडकुडत बसायची गरज नाही. बॅटरी वाकळीसकट पंपाच्या खोलीत नेऊन ठेवली आणि चार्जर पेटीत खुपसला. कोणता खटका कशाचा हे मला नेमकं माहीत नाही, कारण शेती सत्यशीला बघते. म्हणून एकूण एक खटका चालू करून ठेवला. कसर ठेवायची नाही.
घरी आल्यावर सत्यशीलाने विचारलं, "शेतात कावून गेलतात?" राजकारण, म्हणालो.

४ जानेवारी, सकाळी
उजाडल्यावर बांधाबांधाने जाऊन बॅटरी आणली. पाणंद लांबून पडते. लाईट गेलेली होती, पण बॅटरी पूर्ण भरलेली. महिनाभर जिची काळजी केली ती पोरगी पहिल्या नंबरने पास झाली. पांढरे कपडे घातले. सत्यशीला भाकरी, ठेचा आणि दही घेऊन पुढे गेली, अंगदच्या बैलगाडीत. तीही बांधाकडच्या वाटेने.

त्याच दिवशी, उशिरा
लिहावं का नाही असं वाटत होतं. पण खरं लिहितो, कारण चूक माझी नव्हती.
विठ्ठलराव मागे बसले. गाव बघत होता. घुंगरं वाजत होती. पहिल्या वळणापर्यंत प्रवास उत्तम झाला. वळणापलीकडे पाणंदच नव्हती. काल फुफाटा होता तिथे आज काळा चिखल, वीतभर. चाकाला माती चिकटत गेली, चाक मडगार्डमध्ये अडकलं आणि गाडी उभी राहिली. पडद्यावर बॅटरी शंभर टक्के.
विठ्ठलराव उतरले. उतरले ते पोटरीपर्यंत.
मी डगमगलो नाही. म्हणालो, साहेब, कुण्या बेजबाबदार शेतकऱ्याने रात्रभर पाणी सोडलं आहे. असल्या माणसाला सोसायटीच्या दारात उभं करायचं नाही, हा चेअरमन म्हणून माझा पहिला ठराव. विठ्ठलराव म्हणाले, "ठराव मागून करा. आधी माजी चप्पल हुडका."
तेवढ्यात सत्यशीला पदर खोचून बांधावरून आली. म्हणाली, "साहेब, पाणी आमचंच हाय. मोटार रातभर चालली. पेटीतले सगळे खटके दाबून ठिवले व्हते कुणीतरी." कुणीतरी म्हणाली. नाव घेतलं नाही. घरात मुळात खटके दाबण्याएवढा रिकामा माणूस एकच आहे, हे विठ्ठलरावांना कळायला वेळ लागला नाही.
अंगदने बैलगाडी आणली. विठ्ठलराव एका चपलेनिशी तीत बसले आणि माझी गाडी मागे दोराने बांधली. बैल जागचा हलेना. अंगद म्हणाला, "म्हैना झाला, असाच रुसून चालतोय. माळ काढ बे." सगळ्यांसमोर माळ हँडलवरून सोडावी लागली. बैलाच्या गळ्यात पडली तसा तो चालू लागला.
पुढे घुंगरं वाजत होती. मी मागे, हँडल धरून, आवाज न करता.
आगटीवर कणसं भाजली जात होती. हुरडा गोड होता. विठ्ठलराव सत्यशीलालाच विचारत होते. ज्वारी कधी पेरली, खत कुठून आणलं, पाणंदीचं काय करायचं. ती ठेचा वाढत वाढत सांगत होती. "दर सालाला अर्ज करून मुरूम पडत नसतो, ट्रॅक्टरवाल्यांनीच एक-एक खेप टाकायची असं पॅनलनं ठरवलं तर आठ दिसांचं काम हाय." विठ्ठलराव म्हणाले, "वैनी, मग तुमी तयार हाव का?" मला वाटलं, आणखी ठेचा मागत आहेत.

६ जानेवारी
पॅनल जाहीर. चेअरमनकीसाठी नाव आमच्याच घरातलं. म्हणजे माझा अंदाज चुकला नाही, नाव तेवढं सत्यशीलाचं.
मला विचारून सांगते म्हणाली नाही, आईला विचारून सांगते म्हणाली. आईने मालिका संपायच्या आत होकार दिला. संध्याकाळी सत्यशीला देवळापुढे पाच मिनिटं बोलली. बायका टाळ्या वाजवत होत्या. मला अभिमान वाटला. मग राग आला. मग परत अभिमान वाटला आणि त्याचाच राग आला.

११ जानेवारी
सत्यशीला एका दुपारी गाडी शिकली. फुफाट्यात पाय खाली न टेकवता. प्रचाराला ती पुढे, मी मागे. घुंगरमाळ बैलाकडे असल्यामुळे "सरका, सरका" ओरडायचं काम माझं. मागच्या सीटवरून एकूण परिस्थिती चांगली दिसते. नियोजन करणारा माणूस मागेच बसतो.

१६ जानेवारी
आजपासून मागे आई बसते. तिचा आवाज मोठा आहे. मालिका प्रचारापुरती बंद.
मी घरी राहून चार्जर बघतो. फ्यूज उडाला की बसवतो. आता बऱ्यापैकी जमतं.

१८ जानेवारी, झोपण्याआधी
सत्यशीला आज उशी घेऊन आमच्या खोलीत परत आली. मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. पलंग झटकला. आजपासून संसाराकडे लक्ष द्यायचं असा संकल्पही केला.
तिने बॅटरी काढून आणली, वाकळीत नीट गुंडाळली आणि मधोमध ठेवली. म्हणाली, "उद्या चौसाळ्याला सभा हाय. एकतर ही झोपंल, न्हाईतर तुमी."
मी विचार करत होतो. तेवढ्यात तिने उशी माझ्या हातात दिली.
आईच्या खोलीतून लिहितो आहे. प्रचार संध्याकाळी संपतो, त्यामुळे राहिलेले सगळे भाग आई आता मोबाईलवर बघते. सासू अजून जिन्यावरच आहे. पातळ चादर आहे. शुद्ध मराठीचं उद्या बघू.
थंडी लई हाय.