मेघाच्या गाडीला मेण लावायचं ठरलं त्याची हकिगत

चि. सौ. भिकुबाईस, जळगावहून थोरल्या अक्काचा पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे उन्हासकट खुशाल आहोत. तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि केळीबागेचं पाणी या तिघांची खबर कळव. (भाऊजींना नमस्कार सांग, पण पत्र वाचायला देऊ नकोस.) माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा काना-मात्रा अंदाजानं लावून घे.

आधी आनंदाचं. मी अजून सकाळी उठले की आधी अंगणातली गाडी बघते आणि मग देव बघते. देवाला राग येत नसावा, कारण त्याला माहीत आहे की आपल्या घरात पहिली चारचाकी आली ती नातीच्या पगारातून. मेघानं पाच वर्षं एरंडोलच्या ऑफिसला एसटीत उभं राहून ये-जा केली. आमचा दीपक म्हणाला, मुलीच्या जातीला गाडी कशाला. बाप असून असं बोलला. मी विचारलं, मग एसटी काय मुलांच्या जातीची आहे? तेव्हापासून रोज गाडीवर कापड टाकायचं काम त्यानं आपणहून घेतलंय. रंग पिकल्या जांभळाचा. त्यात तोंड दिसतं, सुरकुत्या दिसत नाहीत, एवढी चांगली गाडी.

आता पुढचं तुला अर्धं ठाऊक आहेच, पण लिहिल्याशिवाय माझं मन हलकं होणार नाही. आई गेल्यापासून तू अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, माझ्याकडे येतेस, तशी यंदाही आलीस आणि त्याच दिवशी गाडीची पूजा झाली. सूनबाईनं कुंकवाच्या पाण्यानं करंगळीएवढं स्वस्तिक काढलं. मला ते पटेना. कुंकवाचं पाणी वाळतं आणि वाऱ्यावर उडून जातं. एवढ्या मोठ्या गाडीचं रक्षण एवढ्याशा कुंकवानं व्हायचं कसं? आपल्याकडे तिजोरी असो की दाराची चौकट, शेंदूर तेलात कालवून लावतात, तो पिढ्या टिकतो. म्हणून सगळे आमरसावर बसले तेव्हा तुझ्या हातात शेंदराची वाटी देऊन मी तुला घेऊन बाहेर आले आणि गाडीच्या पुढच्या झाकणावर (त्याला बॉनेट म्हणतात) ताटाएवढं स्वस्तिक काढलं. तू म्हणालीस, "अक्का, बठ्ठं तेल नको ओतू वं." मी ऐकलं नाही, सगळं ओतलं. थोरलेपणाचा हा एक तोटा आहे, धाकट्यांचं शहाणपण कानाशी येऊन परत जातं.

त्या दुपारचं ऊन तुला आठवतं. पत्रा तव्यासारखा तापला आणि शेंदूर त्यात भाजून निघाला. संध्याकाळी दीपकनं न बघता वरून कापड टाकलं. दुसऱ्या दिवशी नंबरप्लेट आली नव्हती म्हणून मेघा एसटीनंच गेली. तू आत पिशवी भरत होतीस, तेव्हा मी ओघळलेलं तेल बघून स्वस्तिक पुसायला गेले तर खाली केशरी डाग. मग मी काय करणार? पितळी घागरीला जे करते तेच केलं. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. डाग गेला आणि मी समाधानानं पाणी ओतलं. पाणी वाळलं आणि बघते तो काय, सगळी गाडी चमकतेय आणि मधोमध माझं स्वस्तिक तेवढं चुना फासल्यासारखं पांढुरकं. तोवर तुझी बस सुटली होती.

संध्याकाळी मेघानं कापड उचललं. डागावरून एकदा बोट फिरवलं आणि जेवायला बसली. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. भिकू, मला रंगाचं एवढं वाटत नव्हतं. पोरीनं पाच वर्षं उभं राहून आणलेली वस्तू मी दुसऱ्या दिवशी खरवडली. आता ती मला गाडीला पुन्हा हात लावू देईल का, हे मनात सारखं येत होतं.

नंबरप्लेट आली तशी रविवारी ती गाडी घेऊन गाडीच्या सामानाच्या दुकानात निघाली, तेव्हा मी मागे लागून गेले. दुकान अमृतलालजींचं, पण गल्ल्यावर आता नातू मनन बसतो. त्यानं पन्नास डबे मांडले. मी म्हटलं, बाबा, वासावरून निवडू का? तो हसला आणि नीट समजावून सांगू लागला. रंगावर काचेसारखा एक थर असतो, कागदाहूनही पातळ. पॉलिश तो थर जरासा घासून सपाट करतं, म्हणून ओरखडे जातात. मेण काही काढत नाही, वरून पांघरूण घालतं. म्हणून आधी पॉलिश, मग मेण. हे मला लगेच कळलं, कारण तुझ्या बागेतलं केळीचं पान आठवलं. त्यावर पाणी कुठं थांबतं? देवानं मेण लावूनच पाठवलेलं असतं.

बाटलीतलं एक औषध वर्षभर टिकतं म्हणाला, डब्यातलं मेण आपल्या उन्हात दोन-तीन महिने. मेघानं डबा घेतला. मला वाटलं चुकली, पण रस्त्यात विचार केला. वर्षभर टिकणाऱ्या गोष्टीकडे वर्षभर कोणी बघत नाही.

मननच्या माणसानं तिथंच डागावर पॉलिश केलं. पहिल्या हाताला स्वस्तिक फिकट झालं, दुसऱ्याला निम्मं गेलं. तिसऱ्यानंतर तिरप्या उन्हातच दिसेल एवढं राहिलं. मी म्हटलं, अजून एकदा घास. मनन म्हणाला, आजी, आता घासलं तर डागाबरोबर थरही जाईल. मेघा म्हणाली, "राहू द्या." मी आयुष्यभर भांडी घासली, माणसंही घासली (सूनबाईला विचार), पण कुठं थांबायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मेण उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत लावायचंय. पुढच्या रविवारी आम्ही दोघी गाडीनं सावद्याला येतो. केळीच्या घडांपासून लांब जागा ठेव, चिकाचा डाग मेणालाही आवरत नाही म्हणतात.

तुझी थोरली बहीण,
प्रमिला

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. त्या संध्याकाळी मेघानं विचारलं, हे कोणी केलं? माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तू बसमध्ये होतीस, तुला काही लागणार नव्हतं. रविवारी तिनं विषय काढला तर हो म्हण. वाटी तूच धरली होतीस, म्हणजे अर्धं खरंच आहे.

ता. क. दुसरा. (सोमवार सकाळ.) वरचा ता. क. वाचू नकोस. मेघा मेण लावत होती, मला बघवेना, सांगून टाकलं की मावशीआजी नाही, मी. ती म्हणाली, "माहीत आहे. तुझ्या नखात चार दिवस राख होती." आणि दुसरं फडकं माझ्या हातात देऊन म्हणाली, हळू, गोल गोल फिरव. अर्धं बॉनेट मी पुसलं. तिरप्या उन्हात स्वस्तिक दिसतं अजून. रविवारी गाडी तुझ्या दारात आली की तूही ये पुसायला, पण शेंदूर घरात ठेवून ये.