पाण्यावर चाललेलं अर्धं मिनिट

बाबा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि हे जाऊन सहा. तुमच्याशी जे बोलायचं होतं ते मी इतकी वर्षं भांडी घासताना, शेळ्यांना पाला टाकताना मनात बोलत राहिले. आज लिहिते, कारण काल दिराशी बोलताना एक गोष्ट माझ्या तोंडून मोठ्याने निघाली. ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती.

वारंगा फाट्यावरच्या तुमच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात मी वाढले. शाळा चौथीत सुटली, पण इंजिनाचे सुटे भाग ज्या रद्दीत गुंडाळून येत ती मी वाचत राहिले. ग्रीसचा डाग पडलेली ओळ अंदाजाने जुळवायची, तीच माझी पुढची शाळा. तुम्ही मला प्लग काढून इंजिनाला टेकवायला लावायचात, दोरी ओढायचात आणि विचारायचात, "निळी का पिवळी?" मी म्हणायचे, "पिवळी." "मग घास की, बघत काय राहिलीस!" ठिणगी ओळखायला मला तुम्हीच शिकवलं. म्हणून लग्नानंतर यांनी विचारलं, "ठिणगीनं पाणी फोडून इंजिन चालंल का गं?" तेव्हा मी हसले नाही. हट्ट्याच्या त्या घरात मला कोणीतरी इंजिनाबद्दल विचारत होतं, याचंच अप्रूप वाटलं.

यांनी रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या इंजिन-पंपाला ठिणगीसाठी स्कूटरच्या दोन कॉइल जोडल्या. दवाखान्यातून सलाइनची नळी आणून थेंबथेंब पाणी आत सोडायची सोय केली. शेतातून आले की हात धुऊन तिथेच बसायचे. दोन वर्षं नुसती फुरफुर. ना कोणाचं नुकसान, ना कोणाला तकलीफ.

मग तुम्ही आलात. ओट्यावर शेजारचे चार जण बसलेले. तुम्ही पंपाभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "जावईबापू, पाण्यावर इंजिन चाललं असतं तर कयाधूकाठच्या लोकांनी रॉकेलसाठी लाइन लावली असती काय?" सगळे हसले. हेही हसले, पण मान खाली घालून. "मामा, एक डाव बघा तर खरं," एवढंच म्हणाले आणि पाण्याची घागर आणायला गेले. तेवढ्यात तुम्ही चूळ भरायला मोरीकडे वळलात. मी ओट्याकडे पाठ करून पंपाशी गेले आणि कार्बोरेटरच्या वाटीत दोन झाकणं पेट्रोल ओतलं. थंड इंजिनाला आधी पेट्रोल पाजायचं, हेही तुम्हीच शिकवलेलं.

यांनी दोरी ओढली. इंजिन लागलं. अर्धं मिनिट चांगलं चाललं, मग पाणी आत गेलं तसं खोकलं आणि बंद पडलं. यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. तुम्ही खाली वाकलात, वाटीला अंगठा लावून हुंगलात.

"पेट्रोल. मला शिकवून राहिले काय?"

"आईची शपथ, मामा, मी न्हाई घातलं."

"मग काय देवानं घातलं? लबाड माणसाला पोरगी दिली मी."

आत वरणफळं शिजली होती. तुम्ही ताटावर न बसता निघालात, आणि पुन्हा त्या घरात आला नाहीत. गावाने यांना 'पाणीवाला' नाव ठेवलं. मी गप्प राहिले, ती माझी चूक. पण बाबा, तुम्ही तर मेस्त्री होतात. बिघाड शोधताना आधी सगळं तपासायचं म्हणायचात. यांचे हात हुंगले असते तर फक्त मातीचा वास आला असता. माझे हुंगले असते तर कळलं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. असं काही पोरगी करू शकेल, हेच तुमच्या डोक्यात आलं नाही.

तुम्ही बरोबर होतात, हे मला आता ठाऊक आहे. लेकीच्या दहावीच्या पुस्तकातून आणि मग वाचनालयातल्या पुस्तकांतून मी समजून घेतलं. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर जाळताना मिळालं तेवढं तरी परत द्यावंच लागतं. पण बरोबर असणं वेगळं आणि चार लोकांत माणसाला लबाड ठरवणं वेगळं. आणि यांचा प्रयोग मी थांबवलेला नाही. पाण्याखाली जोराची ठिणगी पाडली की टक् आवाज होतो, नळीतला दट्ट्या बोटभर उडतो. बॅटरी खाते फार, देते थोडं. मी ते जसं आहे तसं वहीत लिहिते.

काल दीर आले. "वहिनी, ह्या वयात काहून हे? भंगारवाला येऊन राहिला उद्या, देऊन टाका."

"येऊ द्या. आधी तुमची फटफटी दावते त्याला."

"दादानं लबाडी करून नाव घालवलं, आता तुमी..."

"तुमचा दादा लबाड नव्हता."

"मग पेट्रोल कोणी घातलं?"

"मी घातलं. जा, गावात सांगा."

ते चहा अर्धा टाकून गेले. आज सकाळी नळावर सगळ्यांना माहीत होतं. एकीने विचारलं, "खरंच व्हय?" मी म्हटलं, "व्हय, खरंच." पंप अंगणातच आहे. भंगारवाला आला आणि रिकामा गेला.

पण बाबा, एक राहिलं. नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत हे मला विचारायचे, "मामा काही म्हणू देत, अर्धं मिनिट चाललं होतं ना गं? तू तर बघितलंस." मी म्हणायचे, "चाललं होतं." तेवढ्यावर ते डोळे मिटून पडायचे. गावापुढे मी खरं बोलले. यांच्यापुढे माझ्याच्यानं झालं नाही. तिकडे तुमची आणि त्यांची गाठ पडत असेल, तर तुम्ही ही गोष्ट पोटात ठेवणारे नव्हेत. म्हणून हा कागद तुमच्यापर्यंत पोचू नये, असंच मला वाटतं.