कातळावरची रेघ

शुक्रवार, दि. ४

ती. दादास,
खारट हातांनी सा. न. वि. वि.

पोचले एकदाची. सातवं आणि शेवटचं दीपगृह. येताना पोटातलं सगळं समुद्राला देऊन झालं, तरी कॅमेरा डोळ्यापासून हलला नाही, हे वहिनीला सांग. आईला फक्त कॅमेऱ्याचं सांग.

इथे वस्तीला माणूस एकच, दिव्याचा राखणदार. मी त्यांना दिवेकाका म्हणते, ते मला फोटोबाई म्हणतात. माझी खोली जिन्याच्या पोटात आहे. भिंत गोल, त्यामुळे पलंग कुठेच नीट टेकत नाही आणि उशी रोज एकदा तरी फटीत पडते. बोट आठवड्यातून एकदा येते, शुक्रवारी. किराणा, रॉकेल आणि टपाल उतरवते, आमची पत्रं घेते आणि तासा-दोन तासांत निघते. मग आम्ही दोघं आणि वारा.

आता मुद्द्याचं. दीपगृहाच्या बाजूला कड्यातून एक कातळ थेट समुद्रावर पुढे आलाय. काका त्याला जीभ म्हणतात आणि तिच्या टोकावर बसून गळ टाकतात. त्या टोकावरून मागे वळून पाहिलं की दिवा, कडा आणि खाली फुटणारी लाट एका चौकटीत मावतात. पुस्तकाचं मुखपृष्ठ तेच, प्रकाशकाला मी तसा शब्द देऊन बसले आहे. पण लाट मोठी हवी. अठरा तारखेला अमावास्या आहे. त्या संध्याकाळी उधाण चढेल, दिवा लागेल आणि आभाळात थोडा उजेडही उरलेला असेल. एवढ्यासाठी इथे मुक्काम.

बोटीतून घेतलेला रोल सोबत आहे. नेहमीप्रमाणे धू आणि प्रिंट पाठव. मी सगळीकडे फिरते, पण मी काय पाहिलं हे मला तुझ्या अंधारखोलीतून कळतं, ही आपल्या धंद्यातली गंमतच म्हणायची.

लोभ आहेच, तो बोटीएवढा तरी नियमित ठेव.
तुझी,
भटकी

मंगळवार, दि. ८

चि. भटकीस,
घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद. त्यातले काही चिडून दिलेले आहेत, पण खरे आहेत.

रोल धुतला. कड्याचे फोटो इतके स्वच्छ आले आहेत की वहिनीने दुकानाच्या दर्शनी भागात एक लावायला मागितला. मी म्हटलं, आधी पुस्तक होऊ दे.

एक तक्रार आहे. तुझ्या कॅमेऱ्यात वाळू शिरली आहे. कातळाच्या दोन फोटोंत, त्या जिभेच्या खालच्या अंगाला, केसाएवढी काळी रेघ आली आहे. फिल्म ओढताना ओरखडा पडला असणार. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने मी ती भरून टाकली. प्रिंट पाठवतो आहे, भिंग लावून शोधलीस तरी सापडायची नाही. डाग असलेला फोटो आपल्या दुकानातून बाहेर गेलेला नाही, बाबांच्या वेळेपासून नाही. तुझ्या वाळूपायी ती शिस्त मोडणार नाही.

त्या जिभेचं वाचून आईने भाजी चिरता चिरता विळीच बाजूला ठेवली. मासे धरणारा माणूस आणि तिपाई, पिशव्या, छत्री घेऊन डोळे मिटून मागे सरकणारी तू, यात फरक आहे असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. दुसरी जागा शोधता येत नाही का? आणि काम झालं की सरळ घरी ये. पुढचा कुठला बेत असेल तर तो आधी पोटात ठेव.

तुझा,
दादा

शुक्रवार, दि. ११

ती. दादास,
बोटीवाला घाई करतोय, म्हणून उभ्या उभ्याच नमस्कार.

प्रिंट मिळाले. काकांनी एक मागून घेतला आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर लावला. स्वतःचं घर बाहेरून कसं दिसतं हे त्यांनी म्हणे कधी पाहिलंच नव्हतं.

कॅमेरा पूर्ण उघडून बघितला. वाळूचा कण नाही. माझ्या कॅमेऱ्याला नावं ठेवायची नाहीत, तुझ्या अंधारखोलीतली चिमटी तपास.

जागा बदलणार नाही. तू सांगतोस म्हणून तर नाहीच. तिसऱ्या दीपगृहावर असताना आईला बरं नाही असं तू कळवलंस, मी धापा टाकत घरी आले, तर आई शेजारणीकडे पत्ते खेळत होती आणि जिंकत होती. तेव्हापासून तुझ्या काळजीवर मी अर्धाच विश्वास ठेवते, उरलेला अर्धा वहिनीला विचारून.

जिभेच्या टोकावर तिपाईच्या पायांसाठी चुन्याच्या खुणा करून आले. काका शेजारी उभे राहून भिंगावर छत्री धरणार आहेत. त्यांना मी बजावलं की छत्री माझ्यावर नाही, कॅमेऱ्यावर धरायची. ते म्हणाले, त्यांची बायकोही असंच बोलायची, फक्त तिच्या हातात कॅमेरा नव्हता. कधी कधी खालून दगड घरंगळल्याचा आवाज येतो. काका म्हणतात, समुद्र पत्ते पिसतोय. मग आपली आई इथे रमली असती.

आज बोटीवाल्याने मला दुसऱ्या बाजूने फिरवून आणलं. तो रोल आत्ताच काढून याच पाकिटात घालते आहे. आता भेट अमावास्येनंतर.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
भटकी

सोमवार, दि. १४

चि. भटकीस,
आशीर्वाद. आधी हे वाच, मग बाकीचं पाकीट उघड.

त्या कातळावर पाऊल ठेवू नकोस. काकांनाही ठेवू देऊ नकोस.

दुसरा रोल आत्ताच धुतला. रेघ याही रोलवर आहे. तू या वेळी दुसऱ्या बाजूने फोटो घेतलेस, कातळ चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला आहे, आणि रेघ त्याच्याबरोबर गेली आहे. ओरखडा फिल्मवर असता तर असा जागा सोडून कातळामागे फिरला नसता. तरीही माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. रेघेच्या मधोमध एक पांढरा ठिपका होता, तो धुळीचा समजून आधी तो भरायला घेतला. भिंग लावलं तर तो पक्षी निघाला. रेघेच्या आत बसलेला. पंख मिटून, ऐसपैस.

ओरखड्यात पक्षी बसत नाही. जीभ जिथे कड्याला जोडलेली आहे, तिथे खालून ती चिरली आहे. मग पहिल्या रोलच्या निगेटिव्हवरची माझी पेन्सिल कापसाने पुसली आणि पुन्हा प्रिंट काढला. तेव्हा केसाएवढी होती, आता पक्षी मावतो. वरून तुला काही दिसणार नाही, वर गवत आहे. म्हणून तू वर जाऊन खात्री करून घेशील आणि फसशील, याचीच मला भीती आहे.

दोन्ही प्रिंट सोबत आहेत. हात लावलेला नाही, वाळायलाही थांबलो नाही. तारही केली. तार कचेरीतल्या माणसाने सांगितलं की पुढे तीही शुक्रवारच्याच बोटीने जाणार. बोट दुपारी लागते आणि तू संध्याकाळी तिथे उभी राहणार. बोटीला उशीर झाला तर काय, हे मी कोणाला विचारू? घरात आई आहे, म्हणून दुकानात बसून लिहितो आहे. वहिनीला सांगितलं आहे. तुला तिचा अर्धा विश्वास हवा असतो ना, तिने हे पत्र वाचलं आहे आणि खाली सही केली आहे.

पुस्तक गेलं तर जाऊ दे. प्रकाशकाशी मी भांडेन.

तुझा,
दादा
(आणि वहिनी. हे खरं आहे गं.)

शनिवार, दि. १९

दादा,

नमस्कार वगैरे नंतर. मी तुझ्यावर प्रचंड चिडले आहे.

काल बोट उशिरा आली. मी तिपाई खांद्यावर घेऊन निघालेच होते, तेवढ्यात बोटीवाला कडा चढून धावत आला आणि त्याने तुझी तार आणि पाकीट हातात दिलं. पत्र वाचून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, पुन्हा आई पत्ते खेळत असणार. मग प्रिंट काढले. एकमेकांना चिकटलेले, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या, पाण्याचे डाग, आणि आभाळात तुझा अख्खा अंगठा. दहा वर्षांच्या मुलीचा ओळखपत्राचा फोटो एका तिळापायी चार वेळा काढणारा माणूस तू. ते पाहून मी तिपाई खाली ठेवली. पक्षी मी नंतर पाहिला.

काकांना दाखवलं. त्यांनी प्रिंट उलटसुलट केला, चुलीवरच्या फोटोशी ताडून पाहिला आणि म्हणाले, इथे तर काहीच नाही. तुझीच सफाई तुझ्या विरुद्ध साक्षीला उभी! मग मला घेऊन गेले आणि जिभेच्या मुळाशी दोन्ही पायांनी उड्या मारून दाखवल्या. मी ओरडून ओरडून त्यांना मागे बोलावलं. काही हललं नाही. गवतसुद्धा हिरवंगार.

तरी मी गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले. आणि दादा, मी इतक्या वर्षांत असं आभाळ पाहिलं नाही. लाट कड्याच्या वर जात होती, दिव्याचा झोत तिच्या आरपार निघत होता, आणि माझा कॅमेरा पिशवीत. काका छत्री घेऊन दारात उभे, माझ्याकडे बघताहेत. उजेड संपला. जीभ होती तिथेच होती.

सकाळीही आहे. समुद्र तव्यासारखा सपाट. बोट वाऱ्यामुळे रात्रभर आडोशाला थांबली होती, दुपारी निघेल. काकांनी चहा देताना सांगितलं की भावाला चष्मा बदलायला लिहा, आणि गळ, आमिषाचा डबा घेऊन निघाले तिकडे. माझा काही विश्वास उरला नव्हता रे. पण त्यांना पाठमोरं जाताना बघवेना. मी धावत जाऊन डबा हिसकावला आणि परत येऊन त्यावरच बसले. ते बोलले बरंच काही. शेवटी रागाने वरच्या काचा पुसायला निघून गेले. मी डब्यावर बसूनच हे लिहिते आहे, आमिषाचा वास येतोय, आणि घरी आले की तुला एकेक

दादा, गेली.

वारा नाही, लाट नाही. आवाज आला तो दार लावल्यासारखा. मी मान वर केली तर तिथे समुद्र होता. माझ्या चुन्याच्या खुणांसकट सगळं गेलं. पाण्यातून पांढरा धुरळा वर आला आणि बराच वेळ तसाच राहिला. मी काकांना हाका मारत जिना चढले. मध्येच विसरले की ते वर आहेत, आणि त्यांना खाली शोधायला वळले. पुन्हा वर चढले तेव्हा ते तिसऱ्या वळणावर भिंतीला टेकून बसले होते, हातात काच पुसायचं फडकं. त्यांनीही वरून पाहिलं होतं. ते नुसते सरकले आणि मला पायरीवर जागा करून दिली.

बोटीवाल्याला सांगून आले, त्या बाजूने बोट घालू नकोस म्हणून. बंदरावर कळवायला काकांनी चिठ्ठी दिली आहे.

हे पत्र मी टाकायला देत नाही. मीच बोटीत बसते आहे. तू हे वाचशील तेव्हा मी दुकानात तुझ्यासमोरच्या स्टुलावर बसलेली असेन. माझ्याकडे बघू नकोस. वाचून झालं की नुसतं विचार, जेवलीस का. आणि आईला, प्रवास कंटाळवाणा झाला, एवढंच सांगू.

तुझी,
भटकी