कीपॅडच्या वरची खाच

पोरी,

कीपॅडच्या वर भिंतीला खाच दिसेल, ती माझी करामत. बुजवायला पुट्टी आणायला गेलोय.

बटणं खांद्याच्या उंचीला लावतात, हे चाळीस वर्षांच्या वायरमनला कोण शिकवणार? तू हा कीपॅड कमरेएवढ्या उंचीवर लावलास, म्हणून काल नाही नाही ते बोललो. आज तू कामावर गेल्यावर तो वर घ्यायला छिन्नी काढली, भिंतीवर दोन घावही घातले. तेवढ्यात तुझी आई चाकांच्या खुर्चीत बसून, हाताने चाकं फिरवत आली आणि तिने कीपॅडवर बोट टेकवलं. सगळे पडदे आपोआप सरकले. एवढ्याशा वायरवर! मी छिन्नी धरून बघतच राहिलो. दोन वर्षांनी तिने स्वतःच्या हाताने पडदे उघडले गं.

मला म्हणाली, "बाजूला व्हा, उजेड अडवताय."

झालो बाजूला.

बाबा